काळ्या दोऱ्यातली बाई

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता जिजीची फाइल सापडत नाही असं कळलं, आणि साडेअकरापर्यंत अर्ध्या इस्पितळाने ठरवून टाकलं की ती भुताने नेली. आमच्याकडे हल्ली काहीही हरवलं की भुताच्या नावावर खपतं. बादली गेली, भूत. डॉक्टरांची छत्री गेली, भूत. भुताला एवढ्या छत्र्या कशाला लागतात, हे कुणी विचारत नाही.

हे सगळं त्या कादंबरीमुळे. एका नामवंत भयकथा-लेखकाने तीन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या मनोरुग्णालयावर ती लिहिली. मुखपृष्ठावर लाल अक्षरांत ‘सत्य घटनेवर आधारित’. आत नऊ नंबरच्या वॉर्डातली एक वेडी. ती वॉर्डाला आग लावते, कोवळ्या नर्सला जाळून मारते, स्वतःही मरते आणि मग भाजलेला डावा तळवा भिंतींवर आपटत फिरते. शेवटच्या पानावर काळ्या दोऱ्याने शिवलेली तिची फाइल फळीवरून आपोआप खाली पडते, की संपली गोष्ट.

मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा हसले. त्यातली दारं करकरतात. आमची दारं कधी करकरली नाहीत. दर शनिवारी त्यांना तेल पडायचं, कारण एक दार वाजलं की चाळीस बाया जाग्या. त्यातल्या बायकांचे केस कमरेपर्यंत मोकळे. आमचे उवांच्या भीतीने कानापाशी कापलेले. मोकळे केस सोडून हिंडायची चैन आमच्या भुतांनासुद्धा परवडली नसती.

मला हे ठाऊक, कारण मी चौदा वर्षं आत होते. बरी झाले, आणि आता त्याच इस्पितळात फाइली शिवायच्या कामावर आहे. फाटक तेच, फक्त आता संध्याकाळी माझ्यासाठी उघडतं.

जिजीला मात्र हसण्यावारी नेणं परवडणारं नव्हतं. कादंबरीतली वेडी म्हणजे तीच. चौऱ्याहत्तर वर्षांची, केव्हाची बरी झालेली, पण जायला घर नाही म्हणून आवारातल्याच मागच्या खोल्यांत राहणारी. तिची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात असते. दोन खाटांची खोली. दुसऱ्या खाटेवरची चादर ती सहा महिने दर आठवड्याला बदलते आहे, कुणी तिच्यावर झोपत नसताना. पण आश्रमातल्या बायकांनी कादंबरी वाचली आणि सह्या केल्या, की आग लावणारी बाई आम्हाला नको. समितीने जिजीला कळवलं, सोमवारी दहा वाजता आगीचा चौकशी अहवाल दाखवा, नाहीतर खाट दुसऱ्या कुणाला जाईल. अहवालाची एकच प्रत होती, जिजीच्या फाइलीत.

माझ्या साक्षीने भागलं नसतं का? एकतीस वर्षांपूर्वी त्या दुपारी मी नऊ नंबरमध्येच होते. जिजीने मागचं दार उघडलं म्हणून त्या वेळी आत असलेल्या आम्ही अकरा जणी जिवंत बाहेर पडलो. समितीच्या अध्यक्षबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि गोड आवाजात विचारलं, ‘तुम्ही तेव्हा पेशंट होतात ना?’ संपलं. वेडीची साक्ष म्हणजे पाण्यावरची रेघ.

‘पोरी, शोधशील?’ जिजीने विचारलं. मी अठ्ठावन्न वर्षांची पोरगी आहे.

‘शोधते. आणि नेणारा सापडला की त्याचंच भूत करते.’

२

आमच्या रेकॉर्डरूममध्ये दोऱ्यावर सगळं चालतं. जो बरा होऊन घरी गेला त्याची फाइल पांढऱ्या दोऱ्याने शिवायची. जो आत वारला त्याची काळ्या. जो अजून इथेच आहे त्याची लाल. तीन रंग, तीन भिंती. जिजीची फाइल मी माझ्या हाताने लाल दोऱ्याने शिवली होती.

रेकॉर्डरूम सांभाळतो तो मला मावशी म्हणतो, म्हणून मी त्याला भाचा म्हणते. रक्ताचं नातं नाही. त्याची आई आमच्या वॉर्डात वॉर्डबाई होती. चार वर्षांपूर्वी ती वारली. भाचा त्या आवारातच वाढला, मीच त्याला फाइल शिवायला शिकवलं. तेहेतीस वर्षांचा झालाय, पण अजून जेवताना पुस्तक वाचतो.

‘इथेच होती, मावशी,’ त्याने लाल भिंतीवरची तिसरी फळी दाखवली. ‘मंगळवारी सकाळी मी स्वतः पाहिली. आज काढायला गेलो तर नाही.’

‘मंगळवारी कोण आलं होतं?’

उत्तर मागून आलं. मोठ्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या गेल्याच वर्षी बदलून आल्या, आणि त्यांचा अजून कशावरच विश्वास बसलेला नाही, आमच्या नळांवरसुद्धा. ‘लेखकमहाशय आले होते,’ त्या म्हणाल्या. ‘त्या कादंबरीवर सिनेमा निघतोय. जागा बघायची होती. या खोलीची किल्ली मी त्यांना तासभर दिली. चूक झाली माझी.’

किल्ल्या दोनच, एक बाईंकडे आणि एक भाच्याकडे. आणि लेखकाला कारण होतं. अहवाल बाहेर आला की ‘सत्य घटने’ची लाल अक्षरं धुऊन निघतील आणि सिनेमा बसेल. मला तर आनंदच झाला. चोर असावा तर असा, ज्याच्यावर आपला आधीपासून राग आहे.

मी फळीवर हात घातला. फाइली इतक्या गच्च बसल्या होत्या की दोन फाइलींमध्ये बोट शिरेना. वरून धुळीचा एकसारखा थर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाच्याने फडकं आणून ती पुसायला घेतली. मी त्याला थांबवलं.

‘राहू दे,’ मी म्हटलं. मला काहीतरी खटकलं होतं, पण लेखकाच्या नादात मी तिकडे लक्ष दिलं नाही.

३

लेखक नऊ नंबरमध्येच सापडला. सिनेमावाली माणसं भिंतींना काजळी फासत होती, आणि हा मधोमध उभा राहून ‘अजून, अजून’ म्हणत होता. पन्नाशीचा, बोलायला लाघवी. मी कोण हे कळल्यावर त्याचे डोळे चमकले.

‘तुम्ही इथे चौदा वर्षं होतात? मग तुम्हाला ते आवाज ऐकू आले असतील.’

‘आले ना. घोरण्याचे.’

तो हसला. मी त्याला सरळच विचारलं, ‘जिजीची फाइल कुठे आहे?’

‘मी फाइल पाहिलेलीच नाही हो. मी कागदांवरून लिहीत नाही, माणसांत बसून ऐकतो. ही गोष्ट मला इथल्या जुन्या लोकांनी सांगितली.’

‘आणि तो भाजलेला हात?’

‘तोही. ज्यांनी तिला डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी सांगितलं.’

‘कुठला हात?’

‘डावा,’ तो क्षणात म्हणाला. ‘तोच तर कथेचा कणा आहे.’

मी बाहेर येऊन मागच्या अंगणात गेले. जिजी दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि उलटा केला. तळव्यावर आडवा पांढरा पट्टा, बोटाएवढा रुंद, लोखंडी कडीचा. एकतीस वर्षांत तो गेलेला नाही.

हात उजवा होता.

४

तासाभराने डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी लेखकापुढे एक कोरा जखम-तक्ता ठेवला. आमच्याकडे कुणाला काही लागलं की हा भरतात. त्यावर माणसाची नुसती बाह्यरेषा असते, आपल्याकडे तोंड करून उभी. लागलं असेल तिथे फुली मारायची.

‘समजा, माझा उजवा हात भाजलाय,’ मी म्हटलं. ‘मारा फुली.’

त्याने कागदाच्या उजव्या बाजूच्या हातावर फुली मारली. डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, ‘हा डावा झाला.’

‘झाला ना? चित्रातला माणूस समोर उभा आहे. त्याचा उजवा हात कागदाच्या डावीकडे येतो. दर नवी नर्स इथे फसते. मला एकदा आठवडाभर चांगल्या गुडघ्याला मलम चोळलं होतं, दुखरा नुसता बघत राहिला.’ मी लेखकाकडे वळले. ‘जिजीला ज्याने पाहिलं तो उजवाच सांगणार. त्याच्याकडून ऐकणारा उजवाच लिहिणार. डावा एकच माणूस लिहील, ज्याने जिजीला कधी पाहिलं नाही, नुसती तिच्या तक्त्यावर कागदाच्या डावीकडे फुली पाहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.’

लेखकाचा लाघवीपणा उतरला. ‘पाहिला,’ तो म्हणाला. ‘पण मंगळवारी नाही. तीन वर्षांपूर्वी, लिहायच्या आधी. या इस्पितळातल्याच एकाने उभ्या उभ्या तीन पानं दाखवली. पुढची पानं उघडतच नव्हती, कडेने शिवून टाकलेली होती. ते नाव मी सांगणार नाही, शब्द दिलाय.’

‘आणि तुम्ही एका बाईला खुनी करून टाकलंत?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘काळ्या दोऱ्याची फाइल होती. काळा म्हणजे वारलेली, असं मला सांगितलं. मेलेल्या बाईचं काय बिघडणार?’

‘मेलेली बाई खाली तिचं लुगडं-पांघरूण वाळत घालतेय,’ मी म्हटलं. ‘शब्द ठेवा तुमचा. मला दोरा पुरे.’

बोलून गेले, आणि मग त्या दोऱ्याचा अर्थ माझ्याच डोक्यात उतरला. चोर कोण ते मला कळलं होतं, आणि कळायला नको होतं.

५

रेकॉर्डरूममध्ये आम्ही चौघं उभे होतो. डॉक्टरीणबाई, लेखक, भाचा आणि मी.

‘मंगळवारी चोरी झालीच नाही,’ मी सुरुवात केली. ‘गच्च फळीतून फाइल ओढली तर भोक पडतं. शेजारच्या सरकवून भोक बुजवलं तर धूळ हलते. इथे बोट शिरत नाही आणि धूळ सलग आहे. जिजीची फाइल या फळीवर कित्येक वर्षं नव्हती.’

मी लाल भिंतीकडे पाठ केली.

‘ती गेली कुठे, ते कादंबरीतच लिहिलंय. काळा दोरा मी गोष्टीतली थाप समजले होते. पण लेखकाने जे पाहिलं ते तसंच्या तसं लिहिलं, हात चुकला तोसुद्धा पाहूनच चुकला. म्हणजे काळा दोराही त्याने पाहिलेला. जिवंत बाईची फाइल कुणीतरी लाल दोरा उसवून काळ्याने शिवली. आणि काळी फाइल जिथे कुणी बघत नाही तिथे ठेवली. बाई, वारलेल्यांची भिंत, आगीचं वर्ष बघा.’

डॉक्टरीणबाईंनी शोधायला घेतली. पाचव्या मिनिटाला त्यांच्या हातात जिजीची फाइल होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी फाइल उलटी करून आतली गाठ पाहिली. आमच्याकडे गाठ नेहमी आतून मारतात, पेशंटनी नखाने उकलू नये म्हणून. आणि ही गाठ दोन वेढे देऊन खालून काढलेली होती. तशी गाठ या इस्पितळात एकच बाई मारते, ती मी. आणि ती मी आजवर एकाच माणसाला शिकवलीय.

भाच्याने चष्मा काढून पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

‘मंगळवारी सकाळी पाहिलीस म्हणालास,’ मी म्हटलं. ‘का रे?’

६

डॉक्टरीणबाईंनी कात्रीने कडेची शिवण कापली आणि अहवाल मोठ्याने वाचला. कपडे वाळवायच्या शेगडीने पेट घेतला. वॉर्डाचं पुढचं दार नेहमीप्रमाणे बाहेरून बंद, आणि किल्ली वॉर्डबाईच्या कमरेला. वॉर्डबाई कुणालाही न सांगता आपल्या तापलेल्या मुलाला पाहायला खोलीवर गेलेली. जिजीने मागच्या दाराच्या जाळीतून हात बाहेर घालून तापलेली कडी सरकवली. अकरा रुग्ण बाहेर पडले. कुणी राहिलंय का ते पाहायला नर्स परत आत गेली आणि धुरात पडली. रुग्णाचा कसलाही दोष नाही.

‘तापलेला मुलगा म्हणजे तू,’ मी म्हटलं.

‘दोन वर्षांचा होतो,’ भाचा म्हणाला. ‘आई आयुष्यभर कुठल्या दाराला कुलूप लावायची नाही, मावशी. आमच्या घरालासुद्धा. ती गेल्यावर मी हा अहवाल वाचला, तेव्हा कळलं का ते. तिच्या पायी एक मुलगी मेली, हे कुणी वाचू नये असं वाटलं. मग हे लेखक आले. त्यांना भूत हवंच होतं. म्हटलं, आग भुताच्या माथी गेली की किल्ली कुणाकडे होती ते कोण विचारतंय?’

‘जिजी जिवंत होती. रोज तुला जेवलास का विचारते.’

‘तिला कुणी ओळखेल असं वाटलं नाही. आणि ओळखल्यावर कबूल करायची हिंमत झाली नाही. म्हणून मंगळवारचं खोटं बोललो.’

‘मग फाडून का नाही टाकलीस?’

‘तूच शिकवलंस. कागद फाडायचा नाही.’

मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. आपला तो बाब्या असतो तो असा. दिवसभर मी लेखक चोर निघावा म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत होते, आणि तो निघाला नुसता आळशी.

तेवढ्यात दारातून आवाज आला. ‘माझी फाइल आणि मलाच बोलवत नाही?’ जिजी वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा काखेत घेऊन उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. बहुतेक सगळंच.

भाचा तिच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला मध्येच थांबवलं.

‘किल्ली कुणाच्या कमरेला होती ते मला तेव्हाच ठाऊक होतं,’ ती म्हणाली. ‘तुझ्या आईने दोन महिने रोज माझा हात धुऊन बांधला. ती एक शब्द बोलली नाही, मी एक शब्द विचारला नाही. आमचं दोघींचं तिथेच मिटलं. तुझं माझं नाही मिटलं.’

‘काय करू, जिजी?’

‘सोमवारी समितीपुढे अहवाल तू वाचायचास. मोठ्याने. तुझ्या आईचा भाग गाळायचा नाही.’

‘तिचं नाव जाईल.’

‘आणि माझं तीन वर्षं गेलं होतं, ते कुणाच्या घरी पाहुणं गेलं होतं?’

७

सोमवारी दहा वाजता वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात समितीच्या पाच जणी बसल्या होत्या. मागे सह्या करणाऱ्या बायका, आणि कोपऱ्यात जिजीची बहीण, मांडीवर घडी घातलेली चादर घेऊन. भाच्याने अहवाल वाचला. किल्लीपाशी आला तेव्हा थांबला. मला वाटलं, गेला हा. मग त्याने ती ओळ वाचली आणि स्वतःच पुढे जोडलं, ‘ती वॉर्डबाई माझी आई. आणि तो मुलगा मी.’

अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘आम्हाला हे माहीत नव्हतं हो.’

‘माहीत व्हायला विचारावं लागतं,’ जिजी म्हणाली. ‘हिने सांगितलं होतं तुम्हाला. ही त्या अकरांतली.’ आणि तिने उजवा तळवा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. ‘बघून घ्या नीट. रात्री भिंतीवर आपटताना दिसला तर ओळखायला बरं.’

मागच्या रांगेतली एक बाई आधी हसली, मग रडायला लागली. खाट जिजीला मिळाली. बहीण उठून चादर घालायला गेली.

बाहेर लेखक थांबला होता. त्याला आता खरी गोष्ट लिहायची होती. जिजीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘लिहा की. पण आधी ती लाल अक्षरं पुसा. आणि त्या बायकांचे केस कापा.’

भाच्याची रेकॉर्डरूममधून बदली झाली. किल्ली डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात दिली. पहिल्या दिवशी ती मी दिवसभर मुठीत धरून हिंडले. चौदा वर्षं जी दाराच्या पलीकडे होती, ती बाई आता दार उघडते. लिहा म्हणावं यावर भयकथा.

जिजी जायच्या सकाळी मी तिची फाइल टेबलावर घेतली. काळा दोरा उसवला, पांढरा काढला. आमच्याकडे पेशंटला सुई द्यायची नाही असा नियम, म्हणून दोऱ्याचं टोक मेणाने ताठ करून भोकांतून ओवायची सवय. मी मेण लावायला लागले, तशी जिजी म्हणाली, ‘सुई दे.’

मी दिली. पस्तीस वर्षांपूर्वी ती इथे आली, तेव्हापासून पहिल्यांदाच तिच्या हातात सुई आली. भाजलेल्या तळव्याने पकड नीट बसत नव्हती, दोनदा निसटली, पण तिने मला हात लावू दिला नाही. तीन भोकं शिवायला अर्धा तास लागला. शेवटी ती गाठीपाशी आली आणि फाइल फिरवून दोरा बाहेर काढला.

‘अगं, गाठ आतून,’ मी म्हटलं. ‘बाहेर मारलीस तर कुणीही नखाने उकलेल.’

‘उकलू दे की,’ जिजी म्हणाली आणि दोरा ओढून घट्ट केला. ‘आत काय आहे ते वाचतील तरी.’